दहावीला विषय किती असावेत?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मार्च महिन्यात आमच्या गावात कोणाच्याही घरी गेले तरी "यंदा तुमच्यात दहावीला कोण आहे?" असे विचारतात, आणि निकाल लागला की विचारतात, "किती विषय गेले?" किती विषय आले, असे कोणी विचारीत नाही. सहापैकी पाच विषय पदरात पडलेल्या मुलाचा एक विषय 'गेलेला' असतो, एवढेच लोकांच्या लक्षात राहते. हा वाक्प्रचार कोणी मुद्दाम घडविलेला नाही. तो आपल्या परीक्षेच्या रचनेतूनच आला असावा, असे मला वाटते, आणि त्या रचनेविषयीच या लेखात लिहावयाचे आहे.

दहावीला विषय किती असावेत, हा प्रश्न वरवर पाहता साधा आहे. काही म्हणतात, मुलांवर फार ओझे झाले, विषय कमी करा. काही म्हणतात, जग पुढे चालले आहे; संगणक हवा, शेती हवी, कायदा हवा, आरोग्य हवे, विषय वाढवा. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांना दहावी होऊन बहुधा पुष्कळ वर्षे लोटलेली असतात. मला ती होऊन अजून फार दिवस झालेले नाहीत आणि आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिलीच, म्हणून हे धाडस करीत आहे.

प्रथम आकडा नीट मोजू. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर सहा विषय असतात : प्रथम भाषा, द्वितीय भाषा, तृतीय भाषा, गणित, विज्ञान व तंत्रज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. प्रत्येकी शंभर, एकूण सहाशे गुण. मराठी माध्यमाच्या मुलाला पहिली मराठी, दुसरी हिंदी किंवा हिंदी-संस्कृत असा संयुक्त विषय, आणि तिसरी इंग्रजी. हे झाले गुणपत्रिकेवरचे. परंतु परीक्षेचे वेळापत्रक भिंतीवर लावले की हिशेब बदलतो. गणिताचे दोन पेपर, एक बीजगणिताचा व एक भूमितीचा. विज्ञानाचेही दोन. सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्राचा एक आणि भूगोलाचा एक. म्हणजे विषय सहा, पण पेपर नऊ. भाषांचे तीन पेपर ऐंशी गुणांचे, बाकीचे सहा पेपर चाळीस गुणांचे. मिळून लेखी ४८० आणि शाळेच्या हातचे अंतर्गत १२०.

याखेरीज श्रेणीचे विषय निराळे. आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्वविकास व कलारसास्वाद, जलसुरक्षा, आणि संरक्षणशास्त्र किंवा त्याऐवजी स्काऊट-गाईड, एन.सी.सी. यांसारखे काही. यांना गुण नाहीत, श्रेणी आहे. तेही धरले तर संख्या दहावर जाते. जाता जाता सांगावेसे वाटते की, आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो. घागरीची रांग, विहिरीचा तळ, बोअरचे आटलेले पाणी हे सर्व आमच्या वर्गातील प्रत्येकाला पुस्तकाशिवाय ठाऊक होते. तरी जलसुरक्षेच्या वहीत मात्र साऱ्या वर्गाची उत्तरे एकसारखी, कारण ती फळ्यावरून उतरून घ्यावयाची होती. विषय यादीत असणे आणि विषय शिकणे यांत असे अंतर असते.

हे सहा विषय आले कोठून? मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, आणि त्याची मॅट्रिक ही मुळात विद्यापीठात कोणास घ्यावे हे ठरविणारी प्रवेशपरीक्षा होती. शाळा पुरी केल्याचा दाखला देणे हे तिचे काम नव्हते. पुढे ती शाळा सोडणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा झाली, तेव्हाही तिचा चाळणीचा स्वभाव गेला नाही. मॅट्रिक न झालेल्या माणसाला 'नॉन-मॅट्रिक' असे जन्मभराचे नाव मिळे. शाळेत दहा-अकरा वर्षे घालवून माणूस काय शिकला याऐवजी काय नाही हे सांगणारी ही पदवी!

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) ही चूक बरोबर ओळखली होती. माध्यमिक शाळा म्हणजे केवळ महाविद्यालयाचा ओटा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी काही विषय सर्वांना समान ठेवून पुढे सात गट सुचविले : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान. विद्यार्थ्याने एका गटातील तीन विषय घ्यावेत. कल्पना सुंदर होती, पण सातही गट शिकविणाऱ्या बहुउद्देशीय शाळांना कार्यशाळा, यंत्रे आणि शिक्षक लागतात. ते फार थोड्या ठिकाणी मिळाले. त्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) उलट दिशा धरली. पहिली दहा वर्षे सर्वांना सारखे शिक्षण, त्यात गणित व विज्ञान सक्तीचे, आणि फाटे फुटावयाचे ते दहावीनंतर. महाराष्ट्राने हा आकृतिबंध स्वीकारला आणि १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची व नव्या दहावीची पहिली अशा दोन्ही तुकड्या एकाच वर्षी बाहेर पडल्या. आजही गावातील वयस्कर माणसे "आमची जुनी अकरावी" असे जरा मान ताठ करून सांगतात.

कोठारी आयोगाच्या सक्तीमागे एक न्यायाची भावना होती, हे विसरू नये. चौदाव्या वर्षी गणित सोडण्याची मुभा दिली तर ते कोण सोडील? डॉक्टरांचा मुलगा सोडणार नाही. ज्या घरात शिकवणारे कोणी नाही त्या घरातील मुलगी सोडील, आणि सोडले तर चांगलेच, असे तिला सांगितलेही जाईल. त्यामुळे "विषय कमी करा, आवडेल ते घेऊ द्या" असे जे सहज बोलले जाते, त्याला माझा पाठिंबा नाही. निवड करावयाची तर समोर दोन ताटे वाढलेली असावी लागतात. आमच्या शाळेत गणित व विज्ञान दोन्ही एकच सर शिकवीत आणि चित्रकलेला शिक्षक नव्हतेच. अशा शाळेत 'ऐच्छिक विषय' याचा अर्थ, ज्याला शिक्षक नाही तो विषय नको असे मुलांकडून लिहून घेणे, एवढाच होईल.

परंतु विषय कमी होत नाहीत याचे कारण केवळ हा न्यायविचार नव्हे. प्रत्येक नवी समिती काहीतरी घालते. काढीत कोणी नाही. प्रत्येक विषयाचे पुस्तक असते, गाईड असते, तासिका असतात आणि त्या तासिकांवर शिक्षकांची पदे मोजली जातात. एखादा विषय काढावयाचा म्हटले की तो शिकविणारे शिक्षक 'अतिरिक्त' ठरतात. त्यांचाही संसार आहे. उलट जो विषय परीक्षेतून निघतो तो शाळेतूनही निघतो, हाही अनुभव आहे. कोठारी आयोगाने मोठ्या आशेने मांडलेला कार्यानुभव कित्येक शाळांत कागदी फुलांपुरता उरला, आणि खेळाचा तास दहावीच्या वर्गाला गणितवाल्या सरांनी कधी मागून घेतला हे कळतही नाही. म्हणून एखाद्या विषयाचा प्रेमी "माझा विषय परीक्षेला ठेवा" म्हणतो तेव्हा तो चुकत नाही. आपल्याकडे परीक्षा हाच विषयाचा श्वास आहे.

ओझ्याचा प्रश्न राज्यसभेतही गाजला होता. कादंबरीकार आर. के. नारायण राज्यसभेचे सदस्य असताना त्यांनी मुलांच्या दप्तरावर भाषण केले. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. त्यातील एक मुद्दा मला फार पटतो. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक वाईट, असे समितीने म्हटले. न समजलेला एक विषय समजलेल्या पाच विषयांपेक्षा जड असतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला अहवाल वाचावयाची गरज नाही. इतके होऊनही २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नववी-दहावीसाठी दहा विषय सुचविले आहेत : तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, कला, शारीरिक शिक्षण, व्यवसाय शिक्षण आणि एक अनेक विद्यांना जोडणारा विषय. त्यांतील एकही विषय निरुपयोगी आहे असे मी म्हणू शकत नाही. दहाही चांगलेच आहेत, आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

म्हणून आकड्याचा वाद थोडा बाजूला ठेवून मी दुसरीकडे वळते. सहा विषय शिकणे ही एक गोष्ट आणि सहाही विषयांत उत्तीर्ण झाल्याशिवाय दाखला न मिळणे ही वेगळी. आपल्या परीक्षेत सहा विषय एका दोरीने बांधलेले आहेत. एक घसरला की पाच त्याच्यामागे खाली येतात.

२०१९ च्या मार्चमध्ये माझी थोरली बहीण दहावीला बसली. त्या वर्षी मंडळाने भाषांची वीस गुणांची तोंडी परीक्षा बंद करून पेपर शंभर गुणांचा केला होता. राज्याचा निकाल आदल्या वर्षी ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. बहिणीला मराठीत ६८, गणितात ५१, बाकी विषयांतही पुरेसे, आणि इंग्रजीत २१. शाळेने गुणपत्रिका हातात दिली आणि "जुलैचा फॉर्म भरा" एवढे सांगितले. एक-दोन विषय राहिले असले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, ही गोष्ट शाळेने सांगितली नाही आणि आमच्या घरात ती कोणाला माहीत असण्याचा संभव नव्हता. वडिलांनी एकच शब्द ऐकला, नापास. जुलै म्हणजे आमच्याकडे पेरणी-खुरपणीचे दिवस. ती दिवसा रोजाने जाई व रात्री पुस्तक उघडी. पुन्हा तोच विषय राहिला. दोन-अडीच वर्षांनी तिचे लग्न झाले.

दरम्यान २०२० मध्ये तोंडी परीक्षा परत आली आणि राज्याचा निकाल ९५.३० टक्के लागला. मी २०२२ ला बसले. करोनामुळे अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केलेला, परीक्षा आपल्याच शाळेत, ऐंशी गुणांच्या पेपरला अर्धा तास जास्त. राज्याचा निकाल ९६.९४ टक्के. मला इंग्रजीत ४९ गुण मिळाले. माझे इंग्रजी बहिणीपेक्षा चांगले होते असे म्हणण्यास काही आधार नाही. माझी स्पेलिंगे तिनेच पाठ करून घेतली होती. आज ती सासरी बचतगटाचे हिशेब लिहिते. गटातील बायकांच्या हप्त्यांचे व्याज ती कागदाशिवाय सांगते, म्हणजे गणिताचे ५१ गुण खोटे नव्हते. तिच्या गावात अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा अट बारावी पासची होती.

तिच्या पाच विषयांचे काय झाले, हा माझा प्रश्न आहे. मंडळाच्या नियमाप्रमाणे त्यांत तिला सूट आहे, ते पुन्हा द्यावे लागत नाहीत, हे मला माहीत आहे. भाषांचा एक आणि गणित-विज्ञानाचा दुसरा असे गट करून एकत्रित उत्तीर्ण करण्याची सोयही आता आहे. तीन भाषांत मिळून १०५ गुण व प्रत्येकीत निदान २५, गणित-विज्ञानात मिळून ७० व प्रत्येकी निदान २५. ही सवलत चांगली आहे. पण दाखल्याच्या दृष्टीने पाच विषय आलेला आणि एकही न आलेला, दोघेही दहावी नापासच. लोकही तेच म्हणतात आणि नोकरीच्या अर्जातील रकानाही तेच म्हणतो.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहावी. २०१० पासून आपल्याकडे 'बेस्ट फाइव्ह' पद्धत आहे. सहापैकी ज्या पाच विषयांत जास्त गुण, त्यांचीच टक्केवारी धरावयाची. इतर मंडळांच्या मुलांची टक्केवारी थोड्या विषयांवर निघते आणि अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाची मुले मागे पडतात, म्हणून शासनाने हा निर्णय घेतला. त्याविरुद्ध दुसऱ्या मंडळांचे पालक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने जून २०१० मध्ये तो रद्द केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. मुंबई-पुण्याच्या नामांकित महाविद्यालयांतील जागांसाठी तेव्हा केवढे वादळ उठले होते!

या पद्धतीचा अर्थ काय झाला? हुशार मुलाचा सर्वांत कच्चा विषय टक्केवारीतून माफ. त्याला पंचाण्णव टक्के हवे आहेत आणि हिंदी आड येते, तर हिंदी बाजूला ठेवून हिशेब होतो. त्यात कला व क्रीडेचे वाढीव गुण मिळाले की शंभर टक्केही पडतात. २०२५ मध्ये असे २११ विद्यार्थी निघाले. परंतु ही माफी सहाही विषयांत उत्तीर्ण झालेल्यालाच आहे. ज्याला पस्तीसचा उंबरठा ओलांडावयाचा आहे त्याचा कच्चा विषय माफ नाही. म्हणजे दहावीला विषय किती, या प्रश्नाचे उत्तर आजच दोन प्रकारचे आहे : वरच्या मुलाला पाच आणि खालच्या मुलाला सहा. यावर कोणी न्यायालयात गेल्याचे ऐकिवात नाही. खालच्या मुलाचे पालक जुलैत शेतावर असतात.

दोरी सोडता येते का? येते, आणि ज्यांनी मॅट्रिकची पद्धत येथे आणली त्यांनीच ती आपल्या घरी सोडली आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी 'स्कूल सर्टिफिकेट' परीक्षा होती. तीत ठरलेल्या गटांतील विषय एकदम उत्तीर्ण झाले तरच दाखला मिळे. १९५१ मध्ये ती जाऊन 'ओ लेव्हल' आली आणि प्रत्येक विषयाची परीक्षा व निकाल स्वतंत्र झाला. १९८८ पासून होणारी जी.सी.एस.ई. परीक्षाही तशीच आहे. तेथे दहावी पास की नापास असा प्रश्नच नसतो; कोणत्या विषयात कोणती श्रेणी, एवढेच. इंग्रजी आणि गणित यांत ठरावीक श्रेणी न मिळालेल्या मुलांना पुढच्या शिक्षणाबरोबर ते दोन विषय चालू ठेवावे लागतात. म्हणजे विषय सुटत नाही आणि मूलही थांबत नाही.

इतके लांब जाण्याचीही गरज नाही. आपल्या देशात १९७९ साली केंद्रीय मंडळाने मुक्त शाळेचा प्रयोग सुरू केला, त्यातून आजची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था उभी राहिली. तेथे दहावीला पाच विषय पुरतात, त्यांत निदान एक भाषा हवी. गणित घेतलेच पाहिजे असे नाही. एकदा नाव नोंदविले की पाच वर्षांत नऊ संधी, आणि जो विषय उत्तीर्ण झाला तो खात्यावर जमा. केंद्रीय मंडळाच्या नेहमीच्या दहावीतही मुख्य विषय पाचच असून, सहावा कौशल्याचा विषय घेतलेला असेल तर गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी राहिलेल्या विषयाच्या जागी तो धरतात. या देशात, याच वयाच्या मुलांना, दहावीचा दाखला पाच विषयांवर मिळतो. त्यामुळे सहाचा आकडा काही आकाशातून पडलेला नाही.

आणि आकडा किती लवचिक असतो हे तर आपण डोळ्यांनी पाहिले. २३ मार्च २०२० ला भूगोलाचा पेपर होता. करोनामुळे तो झालाच नाही. इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले आणि लाखो मुले भूगोलाचा कागद न लिहिता दहावी झाली. पुढच्या वर्षी तर एकही पेपर झाला नाही, निकाल ९९.९५ टक्के. त्या मुलांना 'कोरोना बॅच' म्हणून चिडवितात, पण त्यांचा दाखला कोणी परत मागितलेला नाही. भूगोलाला मी कमी लेखीत नाही, तो माझा आवडता विषय. सांगावयाचे एवढेच की, एक पेपर कमी झाल्याने दाखल्याची किंमत शून्य होत नाही, हे खुद्द मंडळानेच मान्य केले होते.

यावर आमचे एक सर म्हणाले, "मग ग्रामीण भागातील सगळी मुले इंग्रजी सोडून देतील आणि बारावीला अडकतील. बारावीला इंग्रजी सक्तीचे आहे." आक्षेप खरा आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. म्हणून विषय सोडू देऊ नये, असेच माझे मत. सहाही विषय सर्वांनी शिकावेत, सहाही विषयांची परीक्षा द्यावी, सहाही विषयांचे गुण, कमी असोत की जास्त, गुणपत्रिकेवर छापले जावेत. फक्त उत्तीर्ण होण्यासाठी पाच पुरेसे मानावेत, त्यांत प्रथम भाषा हवीच. राहिलेला सहावा विषय अकरावी-बारावीबरोबर पुन्हा देता यावा, तो आला नाही म्हणून आलेले पाच बुडू नयेत. एटीकेटीत आज जवळजवळ हेच होते, असे कोणी म्हणेल. फरक एवढा की, एटीकेटी ही नापासाला दिलेली सवलत आहे. ती माहीत असावी लागते, मागावी लागते, आणि तिच्या कागदावर पास हा शब्द नसतो. आमच्यासारख्या घरांत पुढचे सारे त्या शब्दावरच ठरते.

गणिताविषयी मात्र थोडे वेगळे बोलले पाहिजे. मध्यंतरी काही वर्षे 'सामान्य गणित' असा सोपा पर्याय होता, तो पुढे बंद झाला. माझ्या मते तो दोन पातळ्यांच्या रूपाने परत यावा. व्याज, टक्केवारी, क्षेत्रफळ, सरासरी, आलेख वाचणे हे सर्वांना; त्यापुढचे बीजगणित व भूमिती ज्याला विज्ञान किंवा तांत्रिक शिक्षणाकडे जावयाचे त्याला, आणि अकरावीच्या वेळी विचार बदलला तर वरची पातळी पुन्हा देण्याची मुभा. ही मुभा नसेल तर दोन पातळ्या म्हणजे दोन जाती होतील.

श्रेणीच्या विषयांबद्दल माझे मत फारसे सौम्य नाही. चार विषयांच्या चार वह्या भरून घेण्यापेक्षा शाळेने त्यांतील एक विषय खरोखर शिकवावा. कोणता, ते शाळेजवळ काय आहे त्यावर ठरावे. कोठे मैदान असेल, कोठे सुतार असेल, कोठे भजनी मंडळातला तबलजी असेल.

महाविद्यालयात येऊन एक गंमत समजली. येथे नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचा, मूल्यांचा असे इतके प्रकार आहेत की "तुला विषय किती?" असे वडिलांनी विचारले तर मला बोटे मोजावी लागतात. पण एखादा पेपर राहिला तर मुले नुसते "केटी लागली" म्हणतात, तो पुढे देतात आणि बाकीच्या पेपरांचे श्रेयांक जागच्या जागी राहतात. वीस वर्षांच्या मुलाला मिळणारी ही सोय पंधरा वर्षांच्या मुलाला अधिक गरजेची आहे. वीस वर्षांचा मुलगा निदान स्वतः कार्यालयात जाऊन विचारू तरी शकतो.

या बदलाला नवे पुस्तक लागणार नाही, नवी इमारत लागणार नाही, कोणी शिक्षक अतिरिक्त ठरणार नाही. निकालाचा नियम तेवढा बदलावा लागेल. एकदम सर्वत्र नको असेल तर तो प्रथम अकरावीच्या कला शाखेपुरता लावून पाहावा. अकरावीच्या जागा दरवर्षी मोठ्या संख्येने रिकाम्या राहतात, त्यामुळे पाच विषय घेऊन येणाऱ्यांमुळे कोणाची जागा जाण्याचा प्रश्न येत नाही. आणि तोपर्यंत, निकालाच्या दिवशी ज्यांचे एक-दोन विषय राहिले आहेत त्यांच्या पालकांना बोलावून एटीकेटीचा नियम मराठीत समजावून सांगावा, एवढे तरी प्रत्येक शाळेला सक्तीचे करता येईल. त्याला अर्धा तास पुरतो.